मक्यावर फवारणी झाली, आठ दिवसांत पोंग्यात परत अळी, नेमकं चुकतंय कुठं?

मका अजून गुडघ्याएवढाही झालेला नसतो, पानांवर भोकं दिसायला लागतात, आपण घाईघाईनं पंप भरतो, दोन-चार दिवस बरं वाटतं आणि आठव्या-दहाव्या दिवशी परत तेच. परत फवारणी, परत तेच. हे इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकलंय की एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं. मक्यावर आणि त्यातल्या अमेरिकन लष्करी अळीवर जास्त लिहितोय कारण त्रास तिथं जास्त आहे, पण ज्वारी, बाजरी, गहू, भात यांच्या लहान पिकातही बरंचसं हेच लागू पडतं, जिथं वेगळं आहे तिथं सांगतो.

रिझल्ट आला नाही की पहिला संशय औषधावर जातो. डुप्लिकेट निघालं, डोस कमी पडला, पाणी खारं होतं वगैरे. कधी कधी तसं असतंही. पण मी जेवढी शेतं फिरून बघितली त्यात बहुतेक वेळा औषध ठीकच होतं, एकतर अळी दुसरीच होती, नाहीतर ती फार मोठी झालेली होती, नाहीतर औषध तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आणि या तिन्हीतलं काय झालंय ते अळीच सांगते, तिचं वय बघितलं की. म्हणून पंप जरा बाजूला ठेवा आणि आधी पोंगा, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांचा गाभा, उघडा.

सकाळी ऊन चढायच्या आत जा. वरच्या पानांवर ताजी भोकं असलेलं एक झाड धरा आणि त्याचा पोंगा खेचून काढा. एक झाड जाईल, जाऊ द्या. पानं एकेक उलगडत आत आत जा. मध्ये लाकडाच्या भुशासारखी दाणेदार विष्ठा भरलेली सापडेल. ती चिमटीत घेऊन चुरडून बघा. ओली आहे, हिरवट-पिवळी आहे, बोटाला चिकटतेय, म्हणजे अळी आतच आहे आणि काल रात्री खाल्लेलं आहे. कोरडी खडखडीत आहे, तपकिरी झालीय, फुंकर मारली तर उडतेय, म्हणजे अळी कोषात गेली, मेली किंवा उठून शेजारच्या झाडावर गेली. एवढं एक बघितलं तरी निम्म्या फवारण्या वाचतात, खरंच सांगतो.

कारण पानावरची भोकं फसवतात. अळी खाते ती पोंग्यात गुंडाळलेली पानं. ती पानं उलगडून बाहेर यायला पुढं काही दिवस जातात, म्हणजे आज जे फाटकं पान तुम्हाला वर दिसतंय ते चार-सहा दिवसांपूर्वी आत असताना खाल्लेलं आहे. फवारणीनं अळी मेली तरी त्यानंतर आठवडाभर फाटकी पानं बाहेर येतच राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं प्रादुर्भाव वाढला, आणि तो परत पंप भरतो. मी स्वतः एक अख्खा हंगाम असा घालवलाय, मेलेल्या अळ्यांवर दोन जादा फवारण्या केल्या, आणि त्यात मित्रकीटक मेले ते वेगळंच.

आता अळी ओळखायची कशी ते बघू. इथं थोडा वेळ लावून वाचा.

मक्याच्या पोंग्यात आज सगळ्यात जास्त सापडते ती अमेरिकन लष्करी अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली, २०१८ मध्ये भारतात, २०१९ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात. चार वर्षांत एवढा पल्ला. हिचा पतंग, म्हणजे पंख फुटलेला कीटक, वाऱ्याच्या मदतीनं एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळं शेजारच्यानं फवारलं नाही म्हणून आपल्याकडं आली एवढ्यावर विषय संपत नाही. या अळीला थंडीत सुप्तावस्थेत जाऊन झोपायची सवयच नाही, त्यामुळं जिथं हवा उबदार आहे आणि वर्षभर काही ना काही खायला आहे तिथं ती वर्षभर राहते. आणि खायला तिला साडेतीनशेच्या आसपास वनस्पती चालतात, मका फक्त सगळ्यात आवडता.

ओळख सोपी आहे. अळी तळहातावर घ्या, चावत नाही, केसही नसल्यासारखेच असतात. डोक्यावर पांढरट रेघांचा उलटा वाय दिसतो. मग शेपटीकडं या, शेवटून दुसऱ्या भागावर चार ठळक काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात, अगदी फाशावरच्या चारच्या आकड्यासारखे. त्याच्या पुढच्या भागांवरही चार-चार ठिपके असतात पण ते चौकोनात नसतात, वर दोन जवळ आणि खाली दोन लांब असे. रंगावर जाऊ नका, हिरवी, तपकिरी, जवळजवळ काळी, कशीही असते. उलटा वाय बाकी काही अळ्यांच्या डोक्यावरही फिकट दिसू शकतो, म्हणून चौकोनातले चार ठिपके बघितल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. अळी अगदी लहान असेल तर ठिपके नीट दिसत नाहीत, मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करा किंवा साधं भिंग वापरा.

आता वयाचं गणित, कारण सगळं त्यावर आहे. मादी पतंग पानावर पुंजक्यानं अंडी घालते, एका पुंजक्यात शे-दोनशे, वर राखाडी कापसासारखं आवरण. एक मादी आयुष्यात सरासरी दीड हजार अंडी घालते. उबदार हवेत २ ते ३ दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं आधी पानाचा हिरवा थर खरवडतात, पानावर पातळ पांढऱ्या खिडक्या पडतात, आरपार भोक नसतं. मग रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्यानं आजूबाजूच्या झाडांवर पसरतात. अळी सहा अवस्थांतून जाते. पहिल्या अवस्थेत लांबी जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, तिसऱ्या अवस्थेत साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, सहाव्यात साधारण ३४ मिलिमीटर. पहिल्या तीन अवस्था मिळून ती आयुष्यभरात खाते त्याच्या २ टक्केही खात नाही, आणि एकट्या शेवटच्या अवस्थेत पाऊणपेक्षा जास्त खाते. म्हणजे आपल्याला नुकसान डोळ्यात भरतं तेव्हा तिचं खाऊन जवळपास झालेलं असतं, आता ती जमिनीत २ ते ८ सेंटिमीटर खोल जाऊन कोष करणार. आपण नेमकं तेव्हा फवारतो आणि रिझल्ट आला असं वाटतं, त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं की ती स्वतःहून खाली उतरली.

आणि आठ दिवसांचं कोडं इथंच सुटतं. आज फवारणी केली. परवा रात्री नवीन पतंग आले आणि त्यांनी अंडी घातली. दोन-तीन दिवसांत अंडी फुटली, पहिल्या दोन अवस्थांना मिळून पाचेक दिवस लागले, म्हणजे अंडी घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी अळी तिसऱ्या अवस्थेत येते, पोंग्यात शिरते, आणि मग आपल्याला दिसते. ही वाचलेली अळी नाही, ही नवीन आहे.

त्यामुळं परत आली असं वाटलं की शेतात पाच ठिकाणी थांबून प्रत्येकी २० झाडं बघा, बांधाकडच्या पहिल्या तीन-चार ओळी सोडून आत शिरा कारण कडेला चित्र वेगळं असतं, आणि किती झाडांत ताजी लागण आहे आणि अळ्या किती मोठ्या आहेत हे लिहून ठेवा. मग असं समजा:

फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी मोठ्या अळ्या, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटरच्या वरच्या, जिवंत आहेत आणि ओली विष्ठा टाकतायत, तर औषध त्यांना लागलंच नाही. मोठी अळी पोंग्यात खाली बसते आणि तिच्या डोक्यावर तिच्याच विष्ठेचा बूच असतो, फवारा त्या बुचावर पडून तिथंच वाळतो.

आठव्या-दहाव्या दिवशी सगळ्या अळ्या लहान आहेत, एकाच मापाच्या, मोठी एकही नाही, तर तुमची फवारणी चांगली झाली होती. ही नवी पिढी आहे. औषध बदलायचं कारण नाही, वेळ साधायची गरज आहे.

सगळ्या मापाच्या अळ्या एकदम आहेत, अंडीपण आहेत, कोषपण सापडतायत, तर आजूबाजूला वेगवेगळ्या तारखांना पेरलेली शेतं आहेत आणि पतंग सतत येतोय. इथं एका फवारणीनं काही होणार नाही, पण म्हणून दर चार दिवसांनी फवारणं हे उत्तर नाही, खाली लिहितो.

आणि तिसऱ्या दिवशी अगदी लहान अळ्यासुद्धा मजेत खातायत, पोंगा औषधानं नीट भिजला होता हे तुम्हाला नक्की माहीत आहे, पाऊस पडला नव्हता, तर मात्र औषधावर संशय घ्या. एकतर खराब आहे किंवा अळीत त्या रासायनिक गटाच्या औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती आलीय. या अळीत पायरेथ्रॉइड आणि ऑर्गॅनोफॉस्फेट या जुन्या गटांना प्रतिकारशक्ती अनेक देशांत नोंदली गेलीय. अगदी बीटी मक्यालासुद्धा, पोर्टो रिकोमध्ये क्राय१एफ हे अळी मारणारं प्रथिन असलेल्या मक्यावर ही अळी २००६ च्या सुमारास टिकायला लागली आणि तो मका तिथं मागं घ्यावा लागला.

हे झालं अमेरिकन लष्करी अळीचं. पण दरवेळी तीच असते असं नाही, आणि इथं गल्लत झाली की पुढचं सगळं फुकट.

रोपं सकाळी जमिनीलगत कापून आडवी पडलेली दिसतायत, पोंग्यात काही नाही, तर ती देठ कुरतडणारी अळी, कटवर्म. दिवसा दिसणारच नाही. पडलेल्या रोपाच्या आजूबाजूची माती, ढेकळं बोटानं उकरा, दोन-चार सेंटिमीटरवर मळकट काळी, तेलकट दिसणारी, जाड अळी सापडेल आणि हात लागला की गोल गुंडाळी करून पडेल. हिच्यासाठी पोंग्यात औषध टाकून काय उपयोग, ती मातीत आहे. संध्याकाळी उशिरा रोपाच्या बुडाशी उपाय केला तरच लागू पडतो. ही बऱ्याचदा आधीच्या तणावर वाढलेली असते, पेरणीच्या आदल्या दिवशी तण काढलं की भुकेली अळी थेट कोवळ्या रोपावर येते. म्हणून शेत पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधीच तणमुक्त करायचं. पाच पानांच्या पुढं मका गेला की हिचा त्रास बराच कमी होतो.

पानावर आडव्या ओळीत सरळ रेषेत बारीक भोकं, जणू कागद घडी घालून सुईनं टोचला आणि मग उलगडला, तर खोडकिडा समजा, शास्त्रीय नाव चिलो पार्टेलस. लहान अळी पोंग्यातली गुंडाळलेली पानं आरपार टोचते म्हणून पान उघडल्यावर भोकं ओळीत येतात. अळी पिवळट, अंगावर काळपट ठिपक्यांच्या ओळी, डोकं तपकिरी. अंडी पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेजवळ, चपटी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक सरकलेली. ही अळी पानावर फार दिवस राहत नाही, खोडात शिरते आणि मधला पोंगा वाळतो. एकदा आत गेली की बाहेरून मारलेला फवारा तिला लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. गुलाबी खोडकिडा पण असाच, अळी गुलाबीसर आणि ठिपके नसलेली, अंडी पानाचा जो भाग खोडाला गुंडाळलेला असतो त्याच्या आत लपवते, आणि ही गहू, नाचणी, भात सगळीकडं जाते.

ज्वारीत उगवणीपासून पहिल्या चार आठवड्यांत मधला पोंगा वाळला तर अळी समजायच्या आधी तो हलकेच ओढून बघा. सहज उपटून हातात आला, खालचं टोक कुजलेलं आणि घाण वास येतोय, तर ती खोडमाशी. आत पांढरट, पाय नसलेली, डोकं न दिसणारी बारीक अळी असते, म्हणजे ती माशीची अळी आहे, पतंगाची नाही. तिथं अळीनाशक मारून काही होत नाही, लागण झालेल्या झाडाचा मधला पोंगा वाचवता येतच नाही. त्यावर उपाय पेरणीच्या वेळचाच आहे, वेळेवर पेरणी, बीजप्रक्रिया, थोडं जास्त बी आणि नंतर विरळणीत लागलेली झाडं काढून शेताबाहेर नष्ट करणं.

पानं कडेनं खात खात फक्त मधली शीर उरलीय, एका रात्रीत पट्टाच्या पट्टा फस्त, अळ्या झुंडीनं एका शेतातून दुसऱ्यात चालल्यात, तर ती जुनी लष्करी अळी, मिथिम्ना. अंगावर लांब पट्टे, डोक्यावर जाळीसारखी नक्षी, पण चौकोनातले चार ठिपके नाहीत. दिवसा पोंग्यात, ढेकळाखाली, पालापाचोळ्यात लपते आणि रात्री खाते, म्हणून फवारणी संध्याकाळी. गव्हात काडीकचरा जमिनीवर ठेवून पेरणी केली असेल तर त्या काडीखाली हमखास बघा. भाताच्या रोपवाटिकेत झुंडीनं पानं खाणारी अळी असते तिथं पाणी थोडा वेळ वर चढवून अळ्या वर आल्या की गोळा करणं हा साधा आणि चांगला उपाय आहे.

आता मुळात फवारायचं की नाही. लहान मक्याबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, पाच-सहा पानांपर्यंत मक्याचा वाढीचा शेंडा जमिनीच्या खाली असतो. वरची पानं फाटली तरी शेंडा शाबूत असेल तर झाड सावरतं, आणि खूपदा उत्पादनात फारसा फरक पडत नाही. दिसायला मात्र ते शेत फार वाईट दिसतं, मन राहत नाही, मला कळतं. पण निर्णय मोजून घ्यायचा. भारतातल्या शिफारशीत उगवणीनंतर पहिल्या तीनेक आठवड्यांत ५ टक्के झाडांवर लागण दिसली की निंबोळी अर्क, मग मधल्या काळात १० टक्के आणि पोंगा मोठा झाल्यावर २० टक्के असं धरतात. आफ्रिकेसाठी सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत लहान पोंग्याला २० टक्के आणि मोठ्या पोंग्याला ४० टक्के असं सैल धरलंय. एवढा फरक बघून गोंधळू नका, पिकाची किंमत, फवारणीचा खर्च, मित्रकीटक किती आहेत यावर तो आकडा हलतो. माझं मत विचाराल तर, अळ्या लहान असतील आणि झाडं लहान असतील तर कमी आकड्यावर सौम्य उपाय करा, अळ्या सगळ्या मोठ्या झाल्या असतील आणि कोषात जायच्या बेतात असतील तर थांबा, ती फवारणी पुढच्या पिढीच्या लहान अळ्यांसाठी राखून ठेवा.

सौम्य उपाय म्हणजे काय. अंडीपुंज दिसला की बोटानं चिरडायचा, एका चिरडण्यात शे-दीडशे अळ्या जातात, याच्यापेक्षा स्वस्त काही नाही. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळून १०० लिटर पाण्याला, हा अंड्यांवर आणि पहिल्या-दुसऱ्या अवस्थेवर चालतो, मोठ्या अळीवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. बीटी या अळी मारणाऱ्या जिवाणूची पावडरसुद्धा लहान अळीसाठीच, आणि ती पोटात जावी लागते, उन्हात लवकर निकामी होते, म्हणून संध्याकाळी. मेटारायझियम या अळी मारणाऱ्या बुरशीला हवेत ओल लागते, कोरड्या हवेत मारली तर पैसे वाया. वाळू आणि चुना ९ ला १ या प्रमाणात मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकणं हा पण चालणारा उपाय आहे, छोट्या क्षेत्रात करून बघण्यासारखा, फक्त चुना जास्त झाला तर कोवळी पानं भाजतात. जोराचा पाऊस झाला तर एक-दोन दिवस थांबून परत मोजा, पोंग्यात पाणी साचून लहान अळ्या बऱ्याच मरतात.

रासायनिक औषधांत आज क्लोरँट्रानिलिप्रोल, स्पिनेटोरम, इमामेक्टिन बेंझोएट ही नावं जास्त ऐकाल. हे तीन वेगवेगळ्या गटांतले आहेत, आणि हेच त्यांचं महत्त्व. मी मात्रा मुद्दाम लिहीत नाही, कारण एकच घटक वेगवेगळ्या तीव्रतेत विकला जातो आणि कुठल्या देशात कुठल्या पिकावर त्याची नोंदणी आहे हे बदलतं, लेबलवर जे आहे तेवढंच घ्यायचं, ना कमी ना डबल. एका पिढीला, म्हणजे उबदार हवेत साधारण महिनाभर, एकच गट वापरा आणि पुढच्या पिढीला दुसरा गट. एकाच पंपात तीन-तीन औषधं आणि वर टॉनिक कालवणं बंद करा, त्यानं अळी लवकर मरत नाही, उलट सगळ्या गटांना एकदम सरावते. आणि नाव वेगळं म्हणून औषध वेगळं असं समजू नका, डब्यावर घटकाचं नाव वाचा. दोन वेगळ्या ब्रँडचे डबे घेतले आणि आत एकच घटक, असं खूप जणांचं होतं.

फवारणीची पद्धत, माझ्या मते निम्मा रिझल्ट इथं आहे. पूर्ण शेतावर धुकं मारल्यासारखं फिरू नका. अळी पोंग्यात आहे तर औषध पोंग्यात जायला पाहिजे. पोकळ शंकूचा फवारा देणारं नोझल घ्या, ते पोंग्याच्या वर थोड्या उंचीवर सरळ खाली धरा, ओळीनं चाला, आणि प्रत्येक झाडापाशी क्षणभर थांबा, पोंग्यात औषध उतरताना दिसलं पाहिजे. झाडं लहान असताना दोन ओळींमधल्या मोकळ्या जमिनीवर पडणारं औषध वायाच जातं. वेळ पहाटे नाहीतर संध्याकाळी, दुपारी अळी खाली बसलेली असते आणि थेंब वाळतात. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, आणि वारा ज्या बाजूनं येतोय तिकडं तोंड करून कधीही फवारायचं नाही. हिरवा चारा जनावरांना घालायचा असेल तर लेबलवरचे थांबायचे दिवस मोजूनच कापणी करा, हे लोक विसरतात आणि त्याचं फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत अळी दिसली म्हणून घाबरून परत फवारू नका. क्लोरँट्रानिलिप्रोलसारख्या औषधानं अळी काही तासांत खायचं थांबवते पण मरायला एक ते तीन दिवस घेते. तिला बोटानं टोचून बघा, सुस्त आहे, आखडलेली आहे, नीट चालत नाही, ताजी विष्ठा नाही, तर काम झालंय.

पोंगा उघडताना अजून एक बघत जा. अळी पांढऱ्या किंवा फिकट हिरव्या पावडरीनं मढल्यासारखी कडक होऊन चिकटलेली, म्हणजे बुरशीनं मेलेली. डोकं खाली करून पानाला लोंबकळतेय, हात लावला की पाणी होऊन फुटते, म्हणजे विषाणूनं मेलेली. सुकलेल्या अळीशेजारी तांदळाएवढा छोटा कोष, म्हणजे परजीवी गांधीलमाशीचं काम. आणि शेपटीला चिमटा असलेला तपकिरी लांबट किडा पोंग्यात पळताना दिसला तर त्याला मारू नका, तो अंडी आणि लहान अळ्या खातो. हे सगळं बऱ्यापैकी दिसत असेल तर दोन-तीन दिवस थांबून परत मोजा. मी थांबलोय अशा शेतात आणि आकडा खाली येताना बघितलाय. दर चार दिवसांच्या फवारणीत सगळ्यात आधी हीच मंडळी संपतात आणि मग पतंगाला मोकळं रान.

कामगंध सापळ्यांबद्दल, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांबद्दल थोडंसं. एकरी ५ लावले तर पतंग कधी यायला लागला ते कळतं, त्याचा उपयोग तेवढाच, फवारणीची तारीख धरायला. सापळ्यात फक्त नर येतात. आणि त्यात दुसऱ्या जातीचेही पतंग अडकतात, म्हणून नुसते मोजू नका, ओळखा, या अळीच्या नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरट डाग असतो. सापळ्यात पतंग वाढले की तीन-चार दिवसांनी पानं उलटून अंडीपुंज आणि पांढऱ्या खिडक्या शोधायला सुरुवात करा, तीच ती वेळ जी आपण नेहमी चुकवतो.

पुढच्या पेरणीसाठी. खोल नांगरट केली की कोष वर येतात, उन्हानं आणि पक्ष्यांनी संपतात. खोडकिडा असेल तर धसकटं आणि जुनी ताटं शेतात ठेवू नका, तो त्यातच दबून बसतो. परिसरात सगळ्यांची पेरणी जवळजवळ एकाच वेळी झाली तर फार फरक पडतो, सगळ्यात उशिरा पेरणाऱ्याकडं आधीच्या शेतांतली अख्खी पिढी उतरते. सायअँट्रानिलिप्रोल आणि थायामेथॉक्झामची बीजप्रक्रिया पहिले दोन ते तीन आठवडे सांभाळते, त्यानंतर तिच्या भरवशावर राहू नका, बरेच जण इथंच गाफील राहतात आणि विसाव्या दिवशी पोंगा उघडायला जात नाहीत. मक्यात तूर, उडीद, मूग असं आंतरपीक घेतलं तर मित्रकीटकांना आसरा मिळतो. केनियात इसिपे या कीटक संशोधन संस्थेनं ढकल-ओढ पद्धत विकसित केलीय, ओळींमध्ये पतंगाला लांब ठेवणारं डेस्मोडियम हे चारापीक आणि शेताच्या कडेनं त्याला ओढून घेणारं नेपियर किंवा ब्रॅकियारिया गवत, मुळात खोडकिड्यासाठी केली होती पण या लष्करी अळीवरही तिचा चांगला परिणाम दिसला. जनावरं असतील तर चाराही मिळतो, त्यामुळं करून बघण्यासारखी आहे.

तुरा बाहेर पडायला लागला की पोंगा उरत नाही, अळी उघड्यावर येते आणि मग कणसाकडं सरकते, तिथं केसांतून आत गेली की फवारा पोचत नाही. म्हणून जे काय करायचं ते पोंगा आहे तोवर, अळी तांदळाच्या दाण्याएवढी आहे तोवर. ज्यांच्याकडं आत्ता परत आलीय त्यांनी उद्या सकाळी दहा पोंगे उघडून बघा आणि अळीची लांबी, विष्ठा ओली की कोरडी, शेवटची फवारणी कधी झाली आणि कुठल्या घटकाची, एवढं लिहून पाठवा, डोक्याचा आणि शेपटीकडचा जवळून काढलेला फोटो असेल तर अजून चांगलं.